लिओ बाप होतो तेव्हा : एका जपानी मालिकेची पार्श्वभूमी

फुजी दूरचित्रवाणीवर ५ ऑक्टोबर १९६६ रोजी 'जंगल ताइतेई', म्हणजे 'जंगलचा सम्राट', या जपानी ॲनिमेशन मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. पहिले पर्व संपून तेव्हा जेमतेम आठवडा लोटला होता. पण त्या आठवड्यात लिओ नावाचा पांढराशुभ्र छावा आयाळदार सिंह, राययाचा जोडीदार आणि दोन पिल्लांचा बाप होऊन बसला होता. ही उडी का घ्यावी लागली, हे कळण्यासाठी ओसामु तेझुका यांच्या मूळ चित्रकथेपर्यंत मागे जावे लागते.

ती चित्रकथा नोव्हेंबर १९५० ते एप्रिल १९५४ या काळात 'मांगा शोनेन' मासिकात क्रमशः येत होती आणि ती मुळातच तीन पिढ्यांची होती. जंगलचा राजा पांजा शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडतो, पकडलेल्या त्याच्या सिंहिणीला, एलायझाला, जहाजावर लिओ होतो आणि आईच्या सांगण्यावरून ते एवढेसे पिल्लू समुद्रात झेप घेते. पुढे लिओ मोठा होतो, राज्य सांभाळतो, त्याला रुने आणि लुकिओ ही मुले होतात. शेवट तर विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. चंद्रपर्वतावरच्या हिमवादळात सोबतची माणसे एकेक करून मरतात. उरलेल्या म्हाताऱ्या हिगेओयाजीने आपले मांस खाऊन, आपले कातडे पांघरून जगावे म्हणून लिओ स्वतःचा जीव देतो. डोंगर उतरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला रुने भेटतो, तेव्हा बाप त्याला दिसतो तो त्या पांढऱ्या कातड्याच्या रूपात. वारशाची गोष्ट इतक्या थेटपणे मुलांसमोर ठेवणारे लेखन मला फारसे ठाऊक नाही.

दूरचित्रवाणीवर येताना मात्र ही साखळी तुटली. तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शन या ॲनिमेशन स्टुडिओने १ जानेवारी १९६३ पासून 'तेत्सुवान अतोमु' (इंग्रजीत 'ॲस्ट्रो बॉय') ही वेगळी, कृष्णधवल मालिका चालवली होती. रंगीत मालिकेचा खर्च वेगळाच होता आणि तो पेलण्यासाठी अमेरिकेच्या एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीचा पैसा घेण्यात आला. पैशाबरोबर अटीही आल्या: भाग कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत म्हणून प्रत्येक गोष्ट स्वतंत्र असावी आणि नायकाने मोठे होऊ नये. त्यामुळे ६ ऑक्टोबर १९६५ पासून २८ सप्टेंबर १९६६ पर्यंत दाखवलेल्या ५२ भागांत लिओ छावाच राहिला. ते भाग देखणे आहेत, इसाओ तोमिता यांचे संगीत भारदस्त आहे. परंतु ज्या कथेचा कणाच वाढणे हा आहे, तिच्यातून वाढणे काढून घेणे ही मोठी किंमत होती, असे मला वाटते.

दुसऱ्या पर्वात, 'शिन जंगल ताइतेई : सुसुमे लिओ' मध्ये, एनबीसीचा पैसा नव्हता आणि म्हणून त्या अटीही नव्हत्या. २९ मार्च १९६७ पर्यंत चाललेल्या या २६ भागांत लिओला अखेर वय मिळाले, घर मिळाले आणि आपल्यामागे राज्य चालवू शकेल असा मुलगा घडवण्याची जबाबदारी मिळाली. इंग्रजीत हे पर्व आले ते थेट १९८४ मध्ये. पहिल्या पर्वाच्या इंग्रजी आवृत्तीत छाव्याचे नाव किम्बा होते, दुसऱ्यात ते लिओच ठेवले गेले. त्यामुळे इंग्रजीतून पाहणाऱ्यांसाठी तो छावा आणि हा बाप दोन वेगळ्या नावांचे सिंह झाले.