चाक थरथरतं की गाडी ओढते? बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, दोन वेगळी कामं

टायरच्या दुकानात ही दोन कामं एका दमात मागितली जातात आणि एकाच बिलावर लिहिली जातात, त्यामुळे अनेकांच्या डोक्यात त्यांची जोडगोळीच होऊन बसली आहे. प्रत्यक्षात दोन्हींची यंत्रं वेगळी, ज्या भागांवर हात चालतो ते वेगळे आणि ज्या तक्रारींसाठी ती करायची त्याही वेगळ्या. बॅलन्सिंगसाठी चाक सहसा गाडीवरून काढतात. अलाइनमेंटच्या वेळी चारही चाकं गाडीलाच असतात. एवढं माहीत असलं तरी आपल्या गाडीचं नेमकं काय झालं, हे तिथे उभ्या उभ्या कळतं.

बॅलन्सिंग म्हणजे वजनाचा हिशेब

टायर आणि रिम मिळून होणाऱ्या चाकाचं वजन घेरभर अगदी सारखं कधीच नसतं. टायरच्या आतला जोड, व्हॉल्व्हची जागा, रिमच्या जाडीतला किंचित फरक, यामुळे एखादी बाजू काही ग्रॅमांनी जड राहते. उभ्या गाडीत याचा पत्ता लागत नाही. पण १५ इंची रिमच्या काठावर ३० ग्रॅम जास्त असले, तर ताशी १०० किलोमीटरला ते चाकाला जवळपास ५ किलोच्या जोराने बाहेर खेचतात. त्या वेगाला चाक सेकंदाला १५ च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे तेवढेच हादरे दर सेकंदाला. वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो. म्हणूनच गल्लीबोळात शांत वाटणारी गाडी मोठ्या रस्त्यावर ८० ते ११० च्या पट्ट्यात थरथरायला लागते. त्याहून वेग वाढला की कधी कधी थरथर कमी जाणवते, पण दोष तिथेच असतो. फक्त सस्पेन्शन ज्या लयीला सर्वाधिक साथ देतं ती लय मागे पडलेली असते.

थरथर कुठे जाणवते, यावरून चाक शोधता येतं. पुढच्या चाकाचा दोष हातात, म्हणजे स्टेअरिंगवर येतो. मागच्या चाकाचा दोष सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून येतो, आणि चालवणाऱ्याआधी मागे बसलेल्यांना कळतो. मागच्या सीटवरून कुरकुर येत असेल तर ती मनावर घ्यावी.

असमतोल दोन तऱ्हेचा असतो. एकात चाकाची एक बाजू जड असल्याने चाक वरखाली उडतं. दुसऱ्यात जादा वजन एका ठिकाणी आतल्या कडेला आणि समोरच्या ठिकाणी बाहेरच्या कडेला असतं. तेव्हा चाक डावी-उजवीकडे लचकतं. बॅलन्सिंगच्या यंत्रावर दोन आकडे दिसतात ते याचसाठी: एक आतल्या कडेचा, एक बाहेरच्या.

काम नीट कसं होतं ते पाहा. आधी रिम आतून धुतात आणि जुनी वजनं सगळी काढतात. मग चाक यंत्राच्या दांड्यावर, मधल्या भोकाला बरोबर बसणाऱ्या शंकूने आवळतात. यंत्राला तीन मापं द्यावी लागतात: यंत्रापासून रिमचं अंतर, रिमचा व्यास आणि रुंदी. चाक फिरतं, आकडे येतात, सांगितलेल्या जागी वजन लागतं, आणि पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य येईपर्यंत हे चालतं. लोखंडी रिमला वजन काठावर ठोकून अडकवतात. अलॉयला आतल्या बाजूने चिकटपट्टीची वजनं लावतात. बहुधा ५-५ ग्रॅमचे तुकडे ओळीने.

गडबड होते ती बहुतेक शंकूपाशी. चाक दांड्यावर किंचित तिरकं बसलं तरी यंत्र निमूटपणे आकडे दाखवतं, माणूस वजनं लावतो, शून्य येतं, आणि गाडीला लावल्यावर थरथर तशीच. याची तपासणी सोपी आहे. शून्य आल्यावर चाक सैल करायचं, दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायचं आणि परत फिरवायचं. आता १० ग्रॅमहून जास्त फरक आला, तर पहिल्यांदा चाक मध्यात बसलंच नव्हतं. हे करून दाखवा म्हटल्यावर जो कुरकुरत नाही, तो कारागीर चांगला.

एका जागी ६०-७० ग्रॅमच्या वर वजन मागितलं जात असेल तर वजनांची माळ लावण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा मोजावं. टायरचा जड भाग आणि रिमचा जड भाग एकाच बाजूला आले असण्याची शक्यता असते. बऱ्याच नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो टायरच्या हलक्या बाजूचा. तो व्हॉल्व्हसमोर ठेवून टायर चढवला तर कमी वजनात भागतं.

शून्य येऊनही थरथर गेली नाही, तर रिम वाकली आहे का किंवा टायर अंडाकृती झाला आहे का, ते पाहायला हवं. यंत्र वजन मोजतं, गोलाई नाही. चाक फिरत असताना रिमच्या काठाकडे बाजूने पाहिलं तर वाकलेली रिम डोळ्यांनीच दिसते.

अलाइनमेंट म्हणजे कोनांचा हिशेब

इथे चाकाचं वजन कितीही असो, प्रश्न असतो चाक गाडीला कोणत्या कोनात बसलं आहे हा. कोन तीन: टो, कॅम्बर आणि कॅस्टर.

टो सर्वांत महत्त्वाचा, कारण बिघडतो तोही आणि टायर खातो तोही. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर, हा टो. एक चाक अर्धा अंश तिरकं असलं, तर गाडी एक किलोमीटर सरळ जाते तेव्हा ते जवळजवळ ९ मीटर आडवं घासत जातं. अर्धा अंश म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या काठात जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना तो दिसत नाही, टायर मात्र काही हजार किलोमीटरांत संपतो.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कललेलं असणं. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं त्यात याचा मोठा वाटा असतो. अनेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो बदलता येतो, आणि मागे एकसंध बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असेल तर तिथे काहीच नाही. कॅम्बर चुकलेला दिसत असताना कुणी 'करून दिला' म्हणाला, तर कोणता बोल्ट फिरवला ते विचारावं.

आता एक गैरसमज. गाडी एका बाजूला ओढते म्हणजे टो बिघडला, असं धरून चालतात. पुढच्या चाकांचा टो चुकला तर गाडी बहुधा ओढत नाही. दोन्ही चाकं चूक आपसात वाटून घेतात, गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडं राहतं. ओढण्यामागे जास्त करून डाव्या-उजव्या कॅम्बरमधला किंवा कॅस्टरमधला फरक असतो. आणि त्याहीआधी तपासायच्या गोष्टी फुकटच्या आहेत. पहिली हवा: एका पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला जाते. दुसरी रस्ता: पाणी वाहून जावं म्हणून तो कडेला उतरता असतो आणि गाडी त्या उताराला हलकेच लागते, हे दोषात धरू नये. तिसरी टायर: पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे; कितीही अलाइनमेंट केलं तरी जाणार नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल थोड्या अंतरापुरतीच करावी. एखादा ब्रेक अडकून राहत असेल तरी गाडी ओढते; थोडं चालवून थांबल्यावर त्या चाकाची रिम बाकींपेक्षा गरम लागते.

अलाइनमेंटचं काम सुरू होण्याआधी चारही टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर हवी, आणि गाडी उचलून टाय रॉडची (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची) टोकं, बॉल जॉइंट (चाक वळू देणारे गोलसर सांधे), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हातांचे) रबरी बुश यांत खेळ नाही ना हे हाताने हलवून पाहायला हवं. ही पायरी सर्रास गाळली जाते. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं, आणि मग दोष यंत्राच्या माथी मारला जातो. सांधे घट्ट असतील तर पुढचं काम ठरलेल्या क्रमाने जातं. सेन्सर किंवा आरसे रिमवर बसतात, गाडी थोडी पुढेमागे ढकलून रिमचा वाकडेपणा हिशेबातून काढला जातो, स्टेअरिंग दोन्हीकडे वळवून कॅस्टर मोजतात, मग स्टेअरिंग सरळ धरून पट्टीने जखडतात. आधी मागची चाकं, मग पुढची. आधी कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतो. टो लावताना टाय रॉडचा लॉक नट सैल करून रॉड फिरवतात आणि नट पुन्हा आवळतात. स्टेअरिंग न जखडता केलेलं काम लगेच उघडं पडतं: यंत्राच्या कागदावर सगळं हिरवं, म्हणजे मर्यादेत, आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं.

कागद मागून घ्यावाच. त्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असतात, सोबत कंपनीची मर्यादा. वाचताना एक काळजी: काही यंत्रं दशांशात दाखवतात, काही अंश-मिनिटांत. ०°१०′ म्हणजे ०.१० अंश नव्हे. मिनिटं ६० असतात, त्यामुळे ते ०.१७ अंश झाले. आणि 'आधी'चे आकडेच मर्यादेत असतील तर गाडीला अलाइनमेंटची गरज नव्हती, तक्रारीचं मूळ दुसरीकडे शोधावं.

टायरवर तळहात फिरवा

स्टेअरिंगपेक्षा टायर जास्त खरं बोलतात. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना प्रत्येक पट्टीची धार बोटांना टोचत असेल, तर तो टो. फक्त आतला किंवा फक्त बाहेरचा काठ गुळगुळीत झिजला असेल तर कॅम्बरवर संशय घ्यावा, जरी जास्तीच्या टोनेही एक काठ जातो. दोन्ही काठ झिजलेले आणि मधला भाग शाबूत, हे कमी हवेचं लक्षण. उलट असेल तर जास्त हवेचं. तळहात घेराच्या दिशेने फिरवताना जागोजागी खळगे लागले तर असमतोल किंवा थकलेले शॉक ॲब्सॉर्बर. त्यात शॉक ॲब्सॉर्बरची शक्यता अधिक, आणि ते न बदलता नुसतं बॅलन्सिंग केलं तर खळगे परत येतात.

नव्या टायरला बॅलन्सिंग लागतंच. पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला असेल तर त्या एका चाकाला. चाक नुसतं काढून जागच्या जागी लावलं तर दोन्हींपैकी काहीच लागत नाही. मात्र नट समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले हवेत, नाहीतर चाक हबवर (ज्यावर ते आवळतात त्या भागावर) तिरकं बसून थरथर सुरू होते. टाय रॉड, लोअर आर्म, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) किंवा स्टेअरिंग रॅकला हात लागला की अलाइनमेंट टाळू नये. दोन्ही करायचं असेल तर आधी चाकांची अदलाबदल, मग बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट.

चिखलातून आल्यावर अचानक थरथर सुरू झाली तर दुकानात जाण्याआधी रिम आतून पाण्याच्या जोराने धुवावी. वाळलेल्या चिखलाचं एक ढेकूळ पुरतं. धुतल्यावरही थरथर राहिली तर रिमच्या आत बघावं. धुळीने माखलेल्या अलॉयवर एखादा बोटभर लांबीचा स्वच्छ चौकोन दिसला, तर तिथलं वजन गळून पडलं आहे.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकच्या चकत्या पाहाव्यात. फक्त ॲक्सिलरेटर दाबताना येऊन पाय काढला की जात असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट. या दोन्हींवर बॅलन्सिंगचा पैसा वाया जातो.

घरासाठी जुनी गाडी घेत असाल तर सौदा ठरण्याआधी अलाइनमेंट नुसतं मोजून घ्यावं, लावून नव्हे. टो चुकलेला असणं किरकोळ. पण डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये ठळक फरक असेल, किंवा न बदलता येणाऱ्या मागच्या चाकांचे कोन मर्यादेबाहेर असतील, तर काहीतरी वाकलेलं आहे: आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), बीम किंवा खुद्द बॉडी. रंग कितीही चकचकीत असला तरी गाडी उचलून तो भाग दाखवल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत.