मोटारीतील सबवूफर पेटी

सबवूफर पेटी म्हणजे साधारण २० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातले खर्जाचे ध्वनी ऐकवणाऱ्या सबवूफर स्पीकरसाठी गाडीत, बहुधा डिकीत, बसवलेला लाकडी कोठा. दुकानात आणि गॅरेजात तिला नुसते ‘बॉक्स’ म्हणतात. तिच्याकडे स्पीकर ठेवण्याचे खोके म्हणून पाहिले जाते, आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. पेटी हा वाद्याचाच भाग आहे. डग्ग्याचे भांडे बदलले की पुडी तीच असूनही नाद बदलतो. इथेही तसेच होते.

पेटीवाचून सबवूफर हवेत धरून वाजवला तर कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे येताना पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर असते. एवढ्या लांब लाटेला १२ इंची स्पीकरची कड ओलांडणे अवघड नाही, त्यामुळे पुढचा दाब मागची पोकळी भरून काढतो आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. मागची लाट कोंडणे हे पेटीचे पहिले काम. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कोनाला आवरून धरते. पेटी लहान केली की ही स्प्रिंग कडक होते.

हे शास्त्र घरगुती स्पीकरांमधून आले. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना भोक ठेवलेल्या पेटीचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये, कोंडलेल्या हवेलाच मुख्य स्प्रिंग मानणारा छोटा बंद स्पीकर बाजारात आणला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकरचे वर्तन मोजक्या आकड्यांत बसवले. तोवर पेट्या कापून, ऐकून, पुन्हा कापून जमवल्या जात. आज सबवूफरच्या माहितीपत्रकात छापलेले थील-स्मॉल आकडे हेच.

बंद पेटीसाठी त्यातले तीन पुरतात : स्पीकरची स्वतःची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या स्वराला तो आपसूक सर्वाधिक थरथरतो ती (एफएस), त्याच्या लवचीकतेइतकी लवचीक हवा किती लिटर भरेल तो आकडा (व्हीएएस), आणि कोनाची थरथर किती लवकर शमते हे सांगणारा क्यूटीएस. व्हीएएसला पेटीच्या घनफळाने भागावे, १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. त्या संख्येने क्यूटीएस आणि एफएस दोन्ही गुणले जातात. समजा एफएस २८ हर्ट्झ, व्हीएएस ६० लिटर आणि क्यूटीएस ०.५ आहे. ६० लिटरच्या पेटीत गुणक १.४१ येतो, पेटीसह क्यू ०.७०७ आणि अनुनाद सुमारे ४० हर्ट्झला. हा क्यू सर्वांत सपाट प्रतिसादाचा मानतात. डिकीत जागा नाही म्हणून तोच स्पीकर २० लिटरमध्ये कोंबला तर गुणक २ होतो, क्यू १ वर आणि अनुनाद ५६ हर्ट्झवर जातो. मग तबल्या-ढोलकीचा प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमतो. ‘बेस गुबगुबतो’ अशी तक्रार येते तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी पेटीचे लिटर मोजावेत.

पोर्टच्या पेटीत नळी किंवा फट ठेवून मागची लाट उपयोगात आणतात. नळावर घागर भरताना पाणी वर येते तसा आवाज चढत जातो, कारण आतली हवा कमी होते. पेटीतली हवा आणि नळीतला हवेचा दट्ट्या यांचा अनुनाद याच नात्याचा आहे. ५० लिटरची पेटी ३५ हर्ट्झला जुळवायची, म्हणजे हा अनुनाद तिथे आणायचा, तर १० सेंमी व्यासाची नळी सुमारे ३१ सेंमी लांब लागते, ७.५ सेंमी व्यासाची सुमारे १६ सेंमी. आखूड नळीचा मोह होतो, पण अरुंद तोंडातून हवा वेगाने फेकली जाऊन फसफस ऐकू येते. जुळवलेल्या वारंवारतेजवळ कोन फारसा न हलता भरपूर आवाज देतो; तिच्या खाली मात्र हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलू लागतो. म्हणून अशा पेटीला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे स्वर स्पीकरपर्यंत पोचू न देणारी गाळणी, हवाच. दोन कप्प्यांच्या बँडपास पेट्याही असतात; त्या एका अरुंद पट्ट्यात दणदणतात आणि थोड्या चुकीनेही बिघडतात.

घरची गणिते गाडीत जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आतली लांबी अडीच मीटर धरली तर अर्धी तरंगलांबी मावण्याची हद्द सुमारे ६९ हर्ट्झला येते. त्याखाली लाट उलगडायला जागाच उरत नाही. सगळ्या केबिनमधली हवा एकदम दाबली आणि सोडली जाते. पूर्ण हवाबंद आणि ताठ केबिन असती, तर मोकळ्या मैदानातल्या मोजमापापेक्षा दर सप्तक खाली जाताना १२ डेसिबेल जास्त मिळाले असते. बंद पेटीचा प्रतिसाद तिच्या अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबेलनेच उतरतो. उतार आणि चढ एकमेकांना भरून काढतात, हे या विषयातले सर्वांत सुंदर गणित. प्रत्यक्षात पत्रा थरथरतो आणि दारांच्या फटींतून दाब निसटतो, म्हणून लाभ कमी मिळतो. काच खाली केली की खोल खर्ज पळतो तो याचमुळे. पोर्टच्या पेटीचा उतार २४ डेसिबेलचा असतो, आणि जुळणी वर ठेवली तर तिचा उंचवटा केबिनच्या लाभात मिसळून कान भरून टाकतो. रोजच्या ऐकण्यासाठी जुळणी ३० ते ३५ हर्ट्झच्या आसपास ठेवतात. छोट्या हॅचबॅकमध्ये गाणे ऐकायचे असेल तर योग्य घनफळाची बंद पेटीच प्रथम विचारात घ्यावी.

सुतारकामात सर्वाधिक चुकते ते माप. बाहेरून ५०×३५×३५ सेंमीची पेटी ६१ लिटरची वाटते; १८ मिमी फळी वजा केली की आत ४५.७ लिटर उरतात, आणि स्पीकर, पोर्ट व आधाराच्या पट्ट्या त्यातूनही जागा खातात. मागच्या सीटच्या पाठीला उतार असल्याने एक बाजू तिरकी कापावी लागते, तेव्हा वरच्या आणि खालच्या खोलीची सरासरी धरावी. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) जड, एकसंध आणि कापायला सोपा. पण ओल लागली की फुगतो, म्हणून कोकणासारख्या दमट हवेत मरीन प्लाय (ओल सोसणारे प्लायवूड) बरा. स्पीकर बसतो ती फळी दुहेरी घ्यावी. सांधे गोंद आणि स्क्रूने बांधून आतून सिलिकॉनने बुजवावेत.

बंद पेटीची गळती शोधायला खालचा एकच स्वर वाजवत सांध्यांलगत उदबत्ती फिरवतात. धूर जिथे थरथरतो तिथे फट असते. स्पीकरसह पेटी सहज २० किलोच्या आसपास भरते आणि जोराच्या ब्रेकला ती मोकळी असेल तर थेट मागच्या सीटवर आदळते. म्हणून ती डिकीच्या तळाला ब्रॅकेट आणि बोल्टने आवळतात. भोके पाडण्याआधी खालून इंधनाची टाकी, नळ्या आणि वायरिंग कुठून जाते ते वाकून पाहून घ्यावे लागते.