वेग कुठे हरवतो?

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या कितीतरी मराठी मंडळींच्या पायाखालचा हा रस्ता आहे. प्रिन्स्टन जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर न्यूयॉर्कच्या गाडीची वाट बघत उभं राहावं आणि मधल्या रुळांवरून अ‍ॅसेला ही वेगवान आगगाडी निघून जावी. आधी डोक्यावरच्या तारा थरथरतात, मग हवेचा धक्का बसतो. अख्खी गाडी डोळ्यांसमोरून जायला जेमतेम तीन सेकंद लागतात.

ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या नव्या अ‍ॅसेलाचा कमाल वेग ताशी 257 किलोमीटर, आधीचीचा 240. तरी न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन या 364 किलोमीटरना पावणेतीन तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणजे सरासरी ताशी 130 च्या आसपासच पडते.

मग वेग जातो कुठे? साधा हिशोब करून बघू. ट्रेंटन ते न्यू ब्रन्सविक हा सुमारे 39 किलोमीटरचा सरळ पट्टा. इथे 240 ऐवजी 257 च्या वेगाने पळालं तर वाचतात फक्त 40 सेकंद. आता याच मार्गावरचा बाल्टिमोरचा बोगदा घ्या. तो 1873 सालचा, लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर, पण वळण इतकं तीव्र की गाडी ताशी 48 वर आणावी लागते. तिथे 160 चा वेग मिळाला तर जवळपास दोन मिनिटं वाचतात. अलीकडे ब्रेक लावण्यात आणि पलीकडे पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेळ वेगळाच. बातम्या मात्र कमाल वेगाच्या होतात. मला वाटतं, आपण सगळेच चुकीच्या आकड्याकडे बघतो.

वळणाचं गणित निर्दय आहे. वेग दुप्पट केला की तितक्याच आरामात वळण्यासाठी त्रिज्या चौपट लागते. ताशी 350 किलोमीटरसाठी ती सुमारे 7 किलोमीटरवर जाते. एकोणिसाव्या शतकात नदीकाठाने, गावं जोडत टाकलेल्या रुळांना एवढी ऐसपैस वळणं कुठून असणार? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जुना मार्ग सोडून नवाच बांधायला घेतला, त्यामागेही हे कारण आहेच.

आणि त्या थरथरणाऱ्या तारा. गाडीच्या छपरावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ तारेला खालून दाबत पळतो. त्या दाबाने तारेत लाट उठते आणि गाडीच्या पुढे धावते. गाडी त्या लाटेला गाठू लागली की तार पँटोग्राफपासून सुटते, ठिणग्या उडतात, वीज तुटते. लाट जोरात पळवायची तर तार ताठ हवी. आधुनिक पद्धतीत तारेच्या टोकाला कप्पीवरून वजनं सोडतात. तार उन्हाने लांबली की वजन खाली सरकतं आणि ताण कायम राहतो. न्यूयॉर्कच्या दक्षिणेला मात्र बरीचशी रचना 1930 च्या दशकातली. ऊन तापलं की तारांना झोळ पडतो, म्हणून तिथे अ‍ॅसेलाला बराच काळ 217 चीच मर्यादा होती. ट्रेंटनजवळचा पट्टा नव्या तारांमुळेच वेगवान झाला.

कॅलिफोर्नियाने पूर्ण नवा मार्ग निवडला. 2008 मध्ये मतदारांनी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस गाडीसाठी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, 2015 मध्ये काम सुरू झालं. मतदानाच्या वेळी सुमारे 33 अब्ज डॉलर सांगितलेला खर्च आता 100 अब्जांच्या पुढे गेलाय. सध्या काम चाललंय ते मधल्या सपाट खोऱ्यात, मर्सेड आणि बेकर्सफील्डच्या दरम्यान. तिथेही शेतांचे तुकडे ताब्यात घेणं, कालवे आणि वीजवाहिन्या हलवणं यात वर्षं गेली. डोंगरांतले बोगदे अजून पुढेच आहेत. 2025 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 4 अब्ज डॉलरचं अनुदान काढून घेतलं. इतक्या लांबणाऱ्या कामाला दर निवडणुकीत हात पसरावे लागणं, हे मला त्या डोंगरांपेक्षा अवघड वाटतं.

लास वेगासहून निघणाऱ्या ब्राइटलाइन वेस्ट या वेगवान गाडीच्या प्रकल्पाने जमिनीचा प्रश्न महामार्गाच्या दुभाजकात रूळ टाकून टाळलाय. पण महामार्गाची वळणं मोटारींसाठी आखलेली असतात, आणि गाडी लॉस एंजेलिसच्या बरीच अलीकडे, रँचो कुकामोंगालाच थांबणार आहे.

म्हणून माझी आशा बाल्टिमोरवर आहे. तिथे नव्या बोगद्याचं काम सुरू झालंय. त्याला फ्रेडरिक डग्लस यांचं नाव दिलंय. 1838 मध्ये गुलामगिरीतून सुटण्यासाठी ते याच शहरातून आगगाडीत चढले होते.