उच्च रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर

ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही संप्रेरके हृदयातील ज्या बीटा-ग्राहींवर (पेशींवरील संदेश टिपणाऱ्या जागांवर) काम करून ठोके वाढवतात, ते ग्राही अडवून धरणारा औषधांचा गट. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही त्यातली नेहमीची नावे. कंपनीचे नाव काहीही असो, स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेल्या मूळ औषधाच्या नावाअखेरीस ‘लॉल’ असले की गट ओळखता येतो.

या गोळीने नाडी मंदावते, आकुंचनाचा जोर उतरतो आणि मूत्रपिंडातून रक्तदाब वाढवायला लावणारे रेनिन कमी स्रवते. त्यामुळे रक्तदाब उतरतो. स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात आयसीआय कंपनीत प्रोप्रॅनोलॉल घडवले ते मात्र हृदयशूळासाठी. रक्तदाबही उतरतो, हे रुग्णांना औषध देताना ध्यानात आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले.

पुढे कित्येक वर्षे बीपीची पहिली गोळी म्हणजे ॲटेनोलॉल, असेच चालले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ चाचणीत ॲटेनोलॉलपेक्षा लोसार्टन हे दुसऱ्या गटातले रक्तदाबाचे औषध घेणाऱ्यांना पक्षाघात कमी झाला, आणि २००६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी या गटाला पहिल्या पसंतीवरून खाली आणले. म्हणून जुने रुग्ण घाबरतात. ते बरोबर नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदय कमकुवत असेल, ठोके अनियमित असतील, तर हीच गोळी मोलाची. गरोदरपणातल्या रक्तदाबावर लॅबेटॅलॉल सर्रास वापरतात.

दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, कारण श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली तर एरवी छातीत धडधडते, हात कापतात. ही गोळी त्या खुणा झाकते. घाम मात्र सुटतो. अशा वेळी दरदरून घाम आला की साखर लगेच तपासावी. हातपाय गार पडणे, थकवा, पुरुषांत लैंगिक तक्रारी हेही आढळते, आणि त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला हवे.

सर्वांत घातक सवय म्हणजे ‘बीपी नॉर्मल आले’ म्हणून गोळी परस्पर सोडणे. दीर्घकाळ अडवलेले ग्राही जास्त संवेदनशील झालेले असतात. अडसर अचानक निघाला की नाडी व रक्तदाब उसळतात, हृदयरुग्णाला झटकाही येऊ शकतो. बंद करायची झाल्यास मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन आठवड्यांत उतरवतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशीपोटी असतानाही नेहमीची गोळी बहुधा घोटभर पाण्यासोबत देतात, ती याच कारणाने.