स्मृतिभ्रंशाची पूर्वचाचणी, व्हिडिओ गेमद्वारे

खेळणारा वाट कशी शोधतो यावरून स्मृतिभ्रंशाची, मुख्यतः अल्झायमर रोगाची, आरंभीची लक्षणे टिपण्याची पद्धती.

पद्धतीचा उगम दोन ठिकाणी धरता येतो : १९८०च्या दशकात रूढ होऊ लागलेल्या संगणकीय स्मरणचाचण्यांत, किंवा मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ च्या सुमारास उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग) आढळलेल्या, प्राणी ठरावीक जागी आला की चेतणाऱ्या स्थानपेशींत. दुसरा धागा अधिक ग्राह्य वाटतो. मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये हिप्पोकॅम्पसलगतच्या एंटोऱ्हायनल बाह्यकात (मेंदूच्या बाह्य थराचा एक भाग) जागेचे जणू जाळे आखणाऱ्या जालपेशी दाखवल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाची गुंतवळ बाह्यकाच्या याच परिसरात लवकर दिसते, हे ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मांडले होते. त्यामुळे ठळक विस्मरणाच्या आधीच दिशाज्ञान ढळू शकते.

‘सी हीरो क्वेस्ट’ (२०१६) हा गेम डॉइचे टेलिकॉमच्या पाठबळाने निघाला. संशोधनात ह्यूगो स्पायर्स व मायकेल हॉर्नबर्गर प्रमुख होते. खेळणारा नकाशा पाहून घेतो, नकाशा मिटतो, मग होडी आठवणीने बोयांपर्यंत (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांपर्यंत) न्यायची. चाळीस लाखांहून अधिक लोक तो खेळले. दोन मिनिटांचा खेळ म्हणजे प्रयोगशाळेतले पाच तास, हे जाहिरातीतील गणित शब्दशः घेऊ नये. २०१९ च्या अभ्यासात अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ जनुक असलेले, पण स्मरणचाचणीत निरोगी ठरलेले लोक लांबचा मार्ग घेताना व कडेकडेने जाताना दिसले. हा फरक गटागटांतला आहे. एकट्या माणसाचे निदान त्यावरून होत नाही. २०२२ च्या अभ्यासानुसार शहराबाहेर वाढलेल्यांचे दिशाज्ञान सरासरीने सरस होते, आणि एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या, चौकटबंद रस्त्यांच्या शहरांत वाढलेले मागे पडले. खानापूरच्या वाडीवरचा शेतकरी व बेळगाव कॅम्पातला निवृत्त कारकून यांना एकच मोजपट्टी लावताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात खरी अडचण प्रचलित तोंडी चाचणीची आहे. १९७५ ची, तीस गुणांची एमएमएसई ही स्मरण व भान तपासणारी प्रश्नावली ‘आपण कोणत्या राज्यात आहोत?’ असे विचारते. १९५६ पूर्वी मुंबई राज्यात जन्मलेल्या, सीमालढ्यात उतरलेल्या आजोबांनी ‘महाराष्ट्र’ म्हटले, तर ते विस्मरण की भूमिका, हे गुण देणाऱ्यालाच ठरवावे लागते. प्रश्न कन्नडमधून आला तर मराठी शाळेत शिकलेल्या आजीचे गुण भाषेपायीही जातात. होडीच्या खेळाला यातले काही आड येत नाही. मात्र मोतीबिंदू, कापरा हात आणि पडद्यावर अंगठा सरकवण्याची सवय नसणे, ही कारणे खेळातही गुण घटवतात; म्हणून सरावफेरी आवश्यक.

घरी ‘वय झालं, चळ लागला’ म्हणून विसराळूपणाची गोष्ट सोडून दिली जाते. संशय आल्यास ब-१२ व थायरॉइडची रक्ततपासणी आधी करतात, कारण या कमतरतांमुळे आलेला विसर पुष्कळदा भरून निघतो. निम्हान्स (बंगळुरूची मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था) व कर्नाटक शासनाचा मेंदू आरोग्य उपक्रम २०२२ पासून चालू आहे.