फ्लोरिडातला ५३७ चा आकडा मोजला कशानं?

निवडणुका जवळ आल्या की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो: 'अमेरिकेचा अध्यक्ष फक्त ५३७ मतांनी ठरला होता, तेव्हा मतदान चुकवू नका.' मतदान चुकवू नयेच. पण शाळेत व्हर्नियर कॅलिपर हाताळलेल्या माणसाला हा आकडा वाचून वेगळाच प्रश्न पडायला हवा. हे मोजलं कशानं, आणि त्या साधनाचं लघुतम माप, म्हणजे त्याला ओळखता येणारा सगळ्यात छोटा फरक, किती होतं?

निवडणूक ७ नोव्हेंबर २००० ची. फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना २९,१२,७९० मतं पडली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांना २९,१२,२५३. राज्यात एकूण मतं ६० लाखांना थोडी कमी, म्हणजे फरक लाखामागे नऊ मतांचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक 'इलेक्टोरल मतं' असतात आणि अध्यक्ष त्यांच्या बेरजेवर ठरतो. या नऊच्या जोरावर फ्लोरिडाची सगळी २५ इलेक्टोरल मतं बुश यांच्याकडे गेली आणि ते २७१ वर पोहोचले. लागत होती २७०. देशभरच्या एकूण मतांत गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते, पण तिथं त्याला किंमत नाही.

आता साधनाकडे वळू. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून कायद्यानुसार यंत्रानं फेरमोजणी झाली आणि आघाडी ३२७ वर आली. परदेशातून आलेली टपाली मतं मिळवल्यावर ती ९३० झाली. काही ठिकाणची हातमोजणी धरून २६ नोव्हेंबरला जाहीर झालेला आकडा ५३७. प्रयोगशाळेत तीच वस्तू दुसऱ्यांदा मोजताना चौदाशेचा फरक पडला, तर ५३७ हे उत्तर वहीत लिहायला शिक्षक परवानगी देतील का?

फरक पडत होता तो मुख्यतः पंचकार्डांमुळे. राज्यातल्या अनेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मतदार व्होटोमॅटिक नावाच्या साधनावर मत देत. कार्डावर आधीच बारीक चिरा पाडून चौकोनी तुकडे कमकुवत करून ठेवलेले असत. कार्ड खाचेत सरकवायचं, वरच्या पुस्तिकेत नाव शोधायचं आणि शेजारच्या भोकातून सळई दाबायची. तुकडा पडला की मत झालं. त्या तुकड्याला म्हणतात चॅड. तो एका कोपऱ्याला लटकला तर लोंबता, दोन कोपऱ्यांना धरून राहिला तर झुलता, आणि नुसता फुगवटा आला तर काय, यावर वकिलांनी आठवडे घालवले. वाचकयंत्र प्रकाश आरपार जातो का एवढंच पाहतं. कार्ड यंत्रातून गेलं की लटकलेले काही चॅड गळतात, काही उलट दाबून बसतात. म्हणजे मोजण्याची क्रियाच मोजायच्या वस्तूत बदल करत होती.

टीव्हीवर भिंगातून कार्ड बघणारे अधिकारी दिसले ते या चॅडपायी. पण मला खरी गोडी आहे ती पाम बीच काउंटीची, कारण तिथला घोटाळा भिंगातून दिसणारा नव्हता. तो फक्त संख्याशास्त्राला दिसला.

अध्यक्षपदाला दहा उमेदवार होते. सगळी नावं एका पानावर घेतली तर अक्षर बारीक होईल आणि वयस्कर मतदारांना वाचता येणार नाही, म्हणून तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली. भोकांची ओळ मध्ये. हेच ते 'बटरफ्लाय बॅलट'. हेतू चांगला होता. डाव्या पानावर पहिले बुश, दुसरे गोर. पण भोकं दोन्ही पानांत वाटलेली, त्यामुळे पहिलं भोक बुश यांचं, दुसरं उजव्या पानावरच्या पॅट बुकॅनन यांचं आणि गोर यांचं तिसरं. डावीकडे दुसरं नाव पाहून दुसरं भोक दाबलं की मत बुकॅनन यांना.

बुकॅनन हे रिफॉर्म पक्षाचे कडवे उजवे उमेदवार. पाम बीचमध्ये डेमोक्रॅट मतदार भरपूर, त्यात निवृत्त ज्यू मंडळी बरीच, आणि त्यांच्यात बुकॅनन यांच्याबद्दल नाराजीच जास्त. तरी त्यांना तिथं ३,४०० हून अधिक मतं पडली. जवळच्याच, मतदारसंख्येनं मोठ्या मायामी-डेड काउंटीत सहाशेच्या आत. बुकॅनन यांच्या मतांत राज्यात दुसऱ्या क्रमांकावरच्या पिनेलस काउंटीत हजाराच्या आसपास.

आलेख काढून पाहा. आडव्या अक्षावर काउंटीतली बुश यांची मतं, उभ्यावर बुकॅनन यांची. फ्लोरिडात ६७ काउंट्या, म्हणून ६७ ठिपके. ६६ ठिपके चढत्या रेषेच्या आजूबाजूला बसतात, एक आकाशात. इथं दोन काळज्या घ्याव्या लागतात. मोठ्या काउंट्यांत विखुरणं मुळातच जास्त असतं, म्हणून दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घ्यायचे. आणि रेषा काढताना संशयित ठिपका वगळायचा, नाहीतर तो रेषेला स्वतःकडे ओढतो आणि मग स्वतःच रेषेजवळ आल्यासारखा दिसतो.

पण रेषेपासून लांब असणं हा पुरावा नव्हे. बुश यांच्या गोटातून तेव्हा सांगितलं गेलं की पाम बीच हा बुकॅनन यांचा बालेकिल्लाच आहे. असेलही! आलेख याला उत्तर देऊ शकत नाही. उत्तर दिलं टपाली मतांनी, आणि ही युक्ती मला भयंकर आवडते. टपालानं मत देणाऱ्यांच्या हाती बटरफ्लाय मांडणी नव्हतीच. काउंटी तीच, उमेदवार तेच, प्रचार तोच. बदलला तो फक्त कागद. कुणी न आखता आपोआप घडलेला प्रयोग.

राज्यशास्त्राचे अभ्यासक जोनाथन वँड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हा हिशोब प्रसिद्ध केला. पाम बीचमध्ये बुकॅनन यांना टपालात हजारी दोनाच्या थोडी वर मतं होती, केंद्रावर हजारी साडेआठ. केंद्रावरची मतं पावणेचार लाखांहून जास्त. टपालाचा दर लावला तर बुकॅनन यांना सुमारे साडेआठशे मतं अपेक्षित, मिळाली तेहतीसशेच्या आसपास. निव्वळ योगायोगानं होणारी चढउतार अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढी धरतात. ८५० चं वर्गमूळ २९; यालाच प्रमाण विचलन म्हणतात. इथं जादा मतं चोवीसशेच्या वर, म्हणजे प्रमाण विचलनाच्या ऐंशीपट. अर्थात हे वर्गमूळ सगळे मतदार एकाच साच्याचे मानून काढलेलं आहे, आणि टपालानं मत देणारा वर्ग वेगळाही असू शकतो. मग तो वेगळेपणा बाकीच्या काउंट्यांतही दिसला पाहिजे. वँड यांनी तेही तपासलं: दुसऱ्या एकाही काउंटीत टपाल आणि केंद्र यांत बुकॅनन यांच्या प्रमाणाचा असा लक्षणीय फरक नव्हता. शिवाय पाम बीचमध्ये त्यांची मतं डेमोक्रॅटांचा जोर असलेल्या केंद्रांतूनच जास्त आली होती. निष्कर्ष असा की गोर यांना द्यायची दोन हजारांहून अधिक मतं चुकून बुकॅनन यांना गेली. ५३७ च्या जवळजवळ चौपट. यातली बहुतेक मतं आपली नसावीत, हे खुद्द बुकॅनन यांनीही टीव्हीवर मान्य केलं होतं.

याखेरीज पाम बीचमध्ये सुमारे १९,००० कार्डं एकाहून जास्त भोकं पडल्यानं बाद झाली. त्यांत पाच हजारांहून जास्त कार्डांवर जोडी होती गोर आणि बुकॅनन यांची.

'बटरफ्लाय इफेक्ट'वर, म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा बदलातून पुढे प्रचंड फरक पडतो या सिद्धान्तावर, व्याख्यानं देणारे प्रेरणादायी वक्ते हा किस्साही त्यात कोंबतात. त्या सिद्धान्ताशी याचा काडीचा संबंध नाही. इथलं फुलपाखरू म्हणजे दोन पानं. आणि निकालानंतर 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणत पुढे येणाऱ्या ज्योतिषांना एक साधी विनंती: पुढच्या वेळी आकड्यासोबत त्रुटीमर्यादाही सांगा. ती सांगितली की भाकीत तपासता येतं, बहुधा म्हणूनच कुणी सांगत नाही.

ही दोन हजार मतं कोणत्याही फेरमोजणीत गोर यांना परत मिळाली नसती. भोक स्वच्छ पडलं होतं, कार्ड वैध होतं. संख्याशास्त्र ढिगाबद्दल बोलतं, त्यातलं कोणतं कार्ड चुकीचं ते सांगत नाही, आणि मत गुप्त असल्यानं मतदाराला विचारताही येत नाही. वाद चॅडवरच चालू राहिला आणि १२ डिसेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ५ विरुद्ध ४ निकालानं हातमोजणी कायमची थांबली. नंतर वृत्तसंस्थांच्या गटानं मोजणीत न आलेली पावणेदोन लाख कार्डं तपासून घेतली. अर्धवट फेरमोजणी पुरी झाली असती तर बुशच जिंकले असते, आणि राज्यातली सगळी वादग्रस्त कार्डं धरली असती तर गोर, तेही ६० ते १७१ मतांनी. चॅडला मत मानायचा कोणता नियम लावता त्यावर आकडा अवलंबून. २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं नवा कायदा केला, पंचकार्डं बदलायला राज्यांना पैसे दिले आणि व्होटोमॅटिक हळूहळू मतदान केंद्रांतून हद्दपार झालं.