नव्या रानकंदाचे नामकरण

रानात सापडलेली कंदवर्गीय वनस्पती आजवर नोंदलेल्या कोणत्याच जातीत बसत नाही, हे पुराव्यानिशी दाखवून तिला लॅटिन धाटणीचे द्विपद, म्हणजे प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दांचे नाव देणे व ते रीतसर छापणे, अशी ही प्रक्रिया आहे. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रात ‘नवी प्रजाती सापडली’ असा मथळा असतो तेव्हा बहुधा नवी जातीच सापडलेली असते.

नाव सुचवणे हा यातला सोपा भाग. खरी मेहनत वेगळेपण सिद्ध करण्यात जाते आणि कंदांच्या बाबतीत तिची सुरुवात नमुना वाळवण्यापासूनच होते. पाने-फुले टिपकागदात दाबली की काही दिवसांत सुकतात. कंद मात्र सुकायचे नाव घेत नाही. दाबून ठेवलेल्या कंदाला कागदातच कोंब फुटतो. म्हणून तो उभा चिरून किंवा उकळत्या पाण्यातून काढून मग दाबतात. पांढरे फूल वाळले की तपकिरी पडते, वास उडून जातो. त्यामुळे रंग, वास, फूल किती वाजता उमलले, हे जागच्या जागी वहीत टिपले नाही तर नंतर सांगता येत नाही.

दुसरा पेच ऋतूचा. रानकांदा किंवा कोळकांदा, म्हणजे द्रिमिया इंडिका, ऐन उन्हाळ्यात फुलतो. त्या वेळी पानांचा पत्ता नसतो. तापलेल्या जमिनीतून नुसता दांडा वर येतो. पाने येतात ती पावसाबरोबर, तेव्हा फुले सरलेली असतात. एका फेरीत हाती अर्धीच वनस्पती लागते. म्हणून अभ्यासक एखाद-दुसरा कंद आणून कुंडीत लावतात आणि त्याचे वर्ष पुरे होईपर्यंत थांबतात.

तुलना होते ती कंदाचे आवरण, पानांची संख्या व कडा, फुलोऱ्याची लांबी, छदे (फुलाच्या देठाशी असलेली छोटी पाने), परिदले (पाकळ्यांसारखी दले) कुठवर जुळलेली आहेत, पुंकेसर कुठे चिकटले आहेत, किंजपुटाच्या (फुलातील बीजे धरणाऱ्या भागाच्या) कप्प्यात बीजके, म्हणजे पुढे बिया होणारे कण, किती, अशा बाबींची. मुळांच्या टोकांतील गुणसूत्रेही मोजतात. पण नुसता आकडा निराळा आला म्हणून जाती निराळी ठरत नाही: रानकांद्याच्याच झाडांत 20, 30 आणि 40 गुणसूत्रे आढळली आहेत.

नामकरणाची तऱ्हा दीपकाडीवरून चांगली कळते. कोकणातल्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, पावसाच्या सुरुवातीला मोठी पांढरी फुले काढणारा हा कंद. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी एन. ए. डाल्झेल यांनी 1850 मध्ये त्याचे वर्णन ‘उरोपेटॅलम कोंकानेन्से’ या नावाने केले. उरोपेटॅलम म्हणजे शेपटीची पाकळी. या गटातील काही जातींच्या बाहेरच्या परिदलांना खरोखरच शेपटी असते. पण त्याच गटाला 1790 मध्ये ‘दिपकादी’ हे नाव मिळालेले होते आणि जुन्या नावाचा मान पहिला. पुढे इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जे. जी. बेकर यांनी जाती तिकडे हलवली, म्हणून आता ‘दिपकादी कोंकानेन्से (डाल्झेल) बेकर’ असे लिहितात. कंसातले नाव मूळ वर्णन करणाऱ्याचे, बाहेरचे हलवणाऱ्याचे. दिपकादी नपुंसकलिंगी मानले जाते, म्हणून शेवटी ‘-एन्सिस’ न येता ‘-एन्से’ येते. गोवा विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये वर्णिलेली जातीही त्याच नियमाने ‘दिपकादी गोआएन्से’ झाली.

नियम वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. वनस्पतींची नावे 1 मे 1753 पासून, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथापासून मोजतात. 1958 पासून नावासोबत एक प्रमाण नमुना, होलोटाइप, नेमून द्यावाच लागतो. 1990 पासून तो कोणत्या वनस्पतिसंग्रहात ठेवला हेही छापावे लागते. नावाची गाठ शेवटी त्या एका वाळक्या नमुन्याशी असते, वर्णनात चूक निघाली तरीही. वेगळेपणाचे टिपण लॅटिनमध्येच हवे ही अट 2012 मध्ये सुटली. तेव्हापासून इंग्रजीही चालते आणि ठरावीक अटींवर ऑनलाइन प्रकाशनही. आदिवासी पाड्यावर कंद पिढ्यानपिढ्या ओळखीचा असला तरी शास्त्राच्या लेखी त्याचा जन्म छापल्या तारखेला होतो. हे थोडे विचित्र वाटते, पण तारखेवाचून कोणते नाव आधीचे हे ठरवायचे कसे?

नाव आहे पण झाड दिसत नाही, असेही घडते. पुण्यातील वनस्पतितज्ज्ञ जी. एम. वुड्रो यांच्या नावाने बेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘क्रायनम वुड्रोवी’ ही कंदवर्गीय जाती प्रसिद्ध केली. त्यानंतर ती शतकभर कोणाला सापडली नाही. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरातून तिच्या पुनर्शोधाची नोंद 2004 मध्ये झाली. अशा दुर्मिळ कंदांची नेमकी जागा हल्ली बरेच लेखक छापत नाहीत. दोन-चार हौशी लोक कुदळ घेऊन गेले तरी एखादा सडा रिकामा होऊ शकतो.